बासष्ट युनिट

गालाला लावून बघते प्रत्येक मडकं.
गार लागलं तर पोटात पाणी आहे अजून,
निवतीच्या खाऱ्या वाऱ्यात आठ दिवस ठेवूनही.
आज एकही गार नाही.
एक्केचाळीस नग. भरायची भट्टी.

वहीत आखते:
दुपारी साडेचार, झाकण बोटभर उघडं,
साडेसातपर्यंत शंभर अंश, घाई नाही,
वाफेला बाहेरची वाट दिसली पाहिजे.
मग झाकण बंद, तासाला ऐंशी.
पाचशे त्र्याहत्तरला मातीतली वाळू
झोपेत कूस बदलते, तिथे जपून.
सहाशेनंतर मोकळी सोडायची, तासाला दीडशे.
पहाटे साडेचारच्या आत हजार.
बासष्ट युनिट, साडेआठच्या दराने
पाचशे सत्तावीस.
नगाला तेरा रुपयांना पंधरा पैसे कमी.

साडेचारच्या आत, कारण पाचला पास्कू बर्फ लावतो.
त्याच्या कारखान्याचा कंप्रेसर आणि माझी भट्टी
एकाच ट्रान्सफॉर्मरची पोरं.
थोरला जेवायला बसला
की धाकटीच्या पानात एकशे नव्वद व्होल्ट.
फोन करून विचारलं.
"पाचाक. त्याच्या आदी नाय. लाय तुजी भट्टी."

बापाला हे काही नव्हतं.
चुडतं, सोडणं, वर ओल्या पेंढ्याचं पांघरूण.
फटीतून बघायचा:
आधी आगळाचा रंग,
मग पिकल्या सुपारीचा,
मग बोंडूसारखा पिवळा, आणि म्हणायचा, पुरे.
त्याची वही नव्हती. त्याचे फुटलेले नगही
कुणी मोजले नाहीत,
परसात कुंपणाखाली आहेत अजून, पाय कापतात.

पावणेदोनला सहाशे. अगदी वहीबरहुकूम.
मी चहा केला, थोडी स्वतःवर खूश झाले.

दोन पन्नासला दिवा मिचकावला
आणि खाडीच्या बाजूने ती घरघर.
"पास्कू!"
"बाये, बांगडो इलो. सतरा होडये.
वाळयेर ठेवायला जागा नाय. काय करू सांग."

काय सांगणार.
सातशे साठवर आकडा चालतो
जसा म्हातारा देवळाची पायरी चढतो.
चारला आठशे तीस.
साडेपाचला नऊशे दहा.
नऊशे अडतीसला बसलाच, उठेना.
तारा पूर्ण तापलेल्या, मीटर फिरतंय,
पैसा जातो आहे, अंश येत नाही.
तिकडे त्याच विजेने पाणी गोठतंय.
बंद करू? बंद केली तर अर्धकच्ची एक्केचाळीस,
पुन्हा पहिल्यापासून बासष्ट.

उजाडलं. बायका पाट्या घेऊन गेल्या,
त्यांच्या पाट्यांतून बर्फाचं पाणी
माझ्या दारापासून बंदरापर्यंत ठिबकत.
सात. सव्वासात. नऊशे एकोणसत्तर.
काळा चष्मा लावून छिद्राला डोळा लावला
तर आतला शंकू, हजारासाठी उभा केलेला,
वाकला होता. टोक टेकलेलं.
हजार न होताच.

कंपनीच्या कागदावर हे बारीक अक्षरात आहे:
शंकू अंश मोजत नाही नुसते,
किती वेळ सोसलं तेही मोजतो.
मी शंभर वेळा वाचलं असेल.
बाप वाचायला शिकला नव्हता. तो म्हणायचा,
"आगीक घड्याळ दाखवू नको गे."

बंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत
झाकणाला हात लावला नाही, आणि ते सोपं नव्हतं.
एकोणचाळीस खणखणीत.
एकाला गळ्याशी केसाएवढी चीर,
एक बुडाने शेजाऱ्याला चिकटून बसलेलं,
ते माझ्या हाताचं, विजेचं नव्हे.

वहीत लिहिलं:
युनिट एकोणऐंशी. सहाशे एकाहत्तर पन्नास.
नगाला सोळा अडतीस, फुटके धरून.
'उशिराचं कारण' असा एक रकाना मीच आखलाय,
त्यात आजवर लोडशेडिंग, फ्यूज, पाऊस.
पेन थोडा वेळ तसाच धरला,
मग लिहिलं:
बांगडा.